अँटिव्हायरस अपडेट झाला की नेट का जातं: तीन संगणकांवर आठ महिने वापरून

आधी वापर कसा झाला ते सांगतो. पैसे भरून घेतलेला, तीन संगणकांना चालणारा, एक वर्षाचा अँटिव्हायरस. नाशिकच्या इंदिरानगरला विंडोज ११ चा डेस्कटॉप आहे. त्याला केबलवाल्याची लॅन वायर थेट लागते आणि डायलरमध्ये युजरनेम-पासवर्ड टाकला की नेट सुरू होतं. त्याच घरात वायफायवर चालणारा विंडोज ११ चा लॅपटॉप आहे, आणि नाशिकरोडला विंडोज १० चा जुना डेस्कटॉप. व्हायरस पकडण्याबद्दल काही तक्रार नाही. झेरॉक्सच्या दुकानातून फिरून आलेल्या पेनड्राइव्हवरचे शॉर्टकट व्हायरस त्याने लावताक्षणी उचलले. तक्रार एकच आहे, पण ती मोठी आहे. आठ महिन्यांत तीन वेळा त्याच्याच अपडेटमुळे नेट बंद पडलं. एकदा तर १९ तारखेला संध्याकाळी, म्हणजे जीएसटीचं ३बी रिटर्न भरायच्या मुदतीच्या आदल्या दिवशी.

अपडेट दोन प्रकारचे असतात, आणि हे कळल्याशिवाय पुढचं काही उलगडत नाही. पहिला प्रकार व्हायरसच्या यादीचा. ही यादी दिवसातून अनेकदा, गुपचूप, थोडी थोडी उतरते आणि तिच्यामुळे सहसा काही बिघडत नाही. दुसरा प्रकार खुद्द प्रोग्रॅमचा. यात अँटिव्हायरसच्या फाइली बदलतातच, शिवाय नेटवर्कच्या रस्त्यात बसवलेला त्याचा ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला जोडून चालणारा छोटा प्रोग्रॅम, तोही बदलतो. हा ड्रायव्हर विंडोजच्या अगदी आत, कर्नल नावाच्या गाभ्यात चालतो. संगणकात येणारं-जाणारं प्रत्येक पाकीट, म्हणजे माहितीचा छोटा तुकडा, त्याच्या हातून जातं. चौकीदार बदलताना जुना गेला आणि नवा अजून आलाच नाही, किंवा आला पण त्याला आधीचे नियम वाचता येत नाहीत, तर फाटक बंदच राहतं. तिन्ही वेळा बिघाड याच दुसऱ्या प्रकारच्या अपडेटनंतर झाला. विंडोजची कळ आणि आर दाबून उघडणाऱ्या रन खिडकीत ‘परफमॉन’, मग जागा सोडून तिरकी रेघ आणि ‘रेल’ (perfmon /rel) टाइप केलं की विश्वासार्हतेचा आलेख उघडतो. कोणत्या दिवशी कोणता प्रोग्रॅम बदलला ते त्यात तारखेनिशी दिसतं. नेट गेल्याचा दिवस आणि अँटिव्हायरस बदलल्याचा दिवस एकच निघाला, तर शोध तिथूनच सुरू करावा. या लेखातल्या कमांड आणि आकडे टाइप करताना मात्र इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी अंकच वापरायचे.

यादीचं अपडेट कधीच घात करत नाही असं मात्र नाही. २१ एप्रिल २०१० ला मॅकॅफीच्या ५९५८ क्रमांकाच्या यादीने विंडोज एक्सपी सर्व्हिस पॅक ३ वरची ‘एसव्हीसीहोस्ट’ ही विंडोजची स्वतःची फाइल व्हायरस ठरवली. नेटवर्कच्या कितीतरी सेवा त्याच फाइलच्या आधाराने चालतात. त्यामुळे संगणक पुन्हा पुन्हा रिस्टार्ट होत राहिले आणि नेटवर्कही गेलं. उलटंही घडलेलं आहे. जुलै २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टने डीएनएसमधली (साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता शोधणाऱ्या व्यवस्थेतली) त्रुटी बुजवणारा अपडेट दिला आणि झोनअलार्म ही फायरवॉल, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या नेटवर पहारा ठेवणारा प्रोग्रॅम, वापरणाऱ्यांचं नेट बंद झालं. तिथे फायरवॉल तीच होती, बदललं होतं विंडोज. म्हणून तारखा बघताना विंडोज अपडेटची तारीखही बघायची.

आता बिघाड ओळखणं. केबलवाल्याला फोन लावण्याआधी पाच मिनिटं द्यावीत, कारण तो म्हणतो संगणकात गडबड आहे आणि अँटिव्हायरसचा मदत विभाग म्हणतो लाइनमध्ये गडबड आहे. दोघांच्या मध्ये माणूस अडकतो. घरात राउटर असेल तर त्याच वायफायवर मोबाइल चालतोय का बघा. मग मोबाइल यूएसबी वायरने संगणकाला जोडून टिथरिंग, म्हणजे मोबाइलचं नेट संगणकाला देणं, सुरू करा. ही चाचणी फार उपयोगाची आहे, कारण टिथरिंग विंडोजला वेगळं नेटवर्क कार्ड म्हणून दिसतं, पण अँटिव्हायरसचा ड्रायव्हर त्यालाही चिकटतो. मोबाइलवर नेट चालतंय आणि टिथरिंग करूनही संगणकावर चालत नाही, म्हणजे केबलवाला सुटला. दोष संगणकातच आहे.

त्यानंतर कमांड प्रॉम्प्ट उघडून तीन पिंग (ping) मारा, म्हणजे तीन पत्त्यांना हाक देऊन उत्तर येतं का बघा. पहिला राउटरला, बहुतेक घरांत १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. दुसरा ८.८.८.८ या इंटरनेटवरच्या गूगलच्या पत्त्याला. तिसरा एखाद्या साइटच्या नावाला. राउटरचंच उत्तर येत नसेल तर ‘आयपीकॉन्फिग’ (ipconfig) टाकून संगणकाचा पत्ता बघा. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर संगणकाला राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही. पत्ता मागण्याचं काम यूडीपी या माहिती पाठवण्याच्या पद्धतीने, ६७ आणि ६८ या पोर्टवर, म्हणजे क्रमांकाच्या दारांवर, चालतं आणि बिघडलेली फायरवॉल तेच अडवते. आकड्यांचे दोन्ही पिंग लागतात पण नावाचा लागत नाही, म्हणजे डीएनएस अडलंय. आणि तिन्ही पिंग लागतात, तरी ब्राउझर एक पान उघडत नाही, ही अवस्था सगळ्यात जास्त गोंधळात टाकते. तिचा अर्थ मात्र सरळ आहे. पिंग वेगळ्या रस्त्याने जातो. अँटिव्हायरसची वेब ढाल, म्हणजे साइट तपासणारा त्याचा भाग, बसलेली असते पोर्ट ८० आणि ४४३ या साइटच्या दारांवर. तिची सेवा बंद पडली आणि वळवण्याचा नियम तसाच राहिला, तर ब्राउझरची प्रत्येक मागणी बंद दारावर जाऊन आपटते. लॅपटॉपवर या अवस्थेत क्रोममध्ये यूट्यूब चालत होतं आणि बँकेची साइट उघडत नव्हती. क्रोम गूगलच्या साइटशी बऱ्याचदा क्विक या यूडीपीवरच्या पद्धतीने बोलतो, आणि ढाल फक्त टीसीपी, म्हणजे बाकीच्या साइटची नेहमीची पद्धत, अडवत असेल तर यूट्यूब सुटतं, बाकीचं अडकतं. ‘यूट्यूब चालतंय म्हणजे नेट चालू आहे’ हे म्हणूनच इथे फसवं ठरतं.

डायलरवाल्यांसाठी एक खूण. चूक ६९१ आली तर युजरनेम-पासवर्ड चुकला किंवा पॅक संपला, तिथे केबलवाल्यालाच विचारा. चूक ६५१ आली तर समोरून उत्तरच मिळालेलं नाही. वायर सैल असेल तरी ६५१ येते, त्यामुळे आधी वायर काढून पुन्हा लावा. वायर ठीक असूनही अँटिव्हायरसच्या अपडेटनंतर लगेच ६५१ येत असेल, तर संशय अँटिव्हायरसच्या त्या नेटवर्क ड्रायव्हरवर, म्हणजे फिल्टरवर घ्यावा.

फिल्टर डोळ्यांनी बघता येतो. रन खिडकीत ‘एनसीपीए डॉट सीपीएल’ (ncpa.cpl) टाका, आपल्या नेटवर्क कार्डावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा. एक लांबट यादी दिसते, प्रत्येक ओळीपुढे टिकची चौकट: क्लायंट फॉर मायक्रोसॉफ्ट नेटवर्क्स, क्यूओएस पॅकेट शेड्युलर, इंटरनेट प्रोटोकॉल व्हर्जन ४, व्हर्जन ६ वगैरे. त्यात अँटिव्हायरसच्या नावाची एखादी ओळ असेल तर तोच फिल्टर. इंदिरानगरच्या डेस्कटॉपवर अपडेटनंतर त्या नावाच्या दोन ओळी होत्या, जुनी आणि नवी, दोन्हींना टिक. जुन्या ओळीची टिक काढून ओके केलं आणि डायलर पहिल्या झटक्यात लागला. मात्र सगळेच अँटिव्हायरस इथे दिसत नाहीत. काही फक्त विंडोजच्या फिल्टरिंग व्यवस्थेत आपले नियम घालतात, त्यांची ओळ या यादीत नसते.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे मदत विभागातल्या कुणीही आपणहून सांगितलं नाही. संगणक बंद करून चालू करणं आणि रिस्टार्ट करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आली. ती चालू असताना शट डाउन केलं की विंडोज आपला गाभा पूर्ण बंद करत नाही, तो डिस्कवर जसाच्या तसा लिहून ठेवते आणि सकाळी तोच उचलते. म्हणजे प्रोग्रॅम नवा, पण मेमरीत ड्रायव्हर जुनाच. रोज रात्री इमानदारीने संगणक बंद करणाऱ्या घरात अपडेट असा आठवडाभर अर्धवट लटकू शकतो. मेनूतलं रिस्टार्ट दाबल्यावरच गाभा नव्याने चढतो. तीनपैकी दोन वेळा नुसत्या रिस्टार्टने नेट परत आलं. फास्ट स्टार्टअप कायमचं बंद करायचं तर कंट्रोल पॅनलमध्ये पॉवर ऑप्शन्स, तिथे पॉवर बटणांनी काय करायचं तो दुवा, आणि खालची टिक काढा. चौकट करडी दिसत असेल तर वरचा ‘सध्या उपलब्ध नसलेल्या सेटिंग बदला’ या अर्थाचा दुवा आधी दाबा. एसएसडी असलेल्या संगणकाला सुरू व्हायला थोडेच सेकंद जास्त लागतात.

रिस्टार्टने काम झालं नाही तर वेब ढाल आणि एचटीटीपीएसची, म्हणजे कुलपाचं चिन्ह असलेल्या सुरक्षित साइटची, तपासणी बंद करून बघा. घड्याळाजवळच्या चिन्हावरून ‘संरक्षण थांबवा’ केल्याने ड्रायव्हर निघत नाही, हे लक्षात असू द्या. त्याने सुधारणा झाली नाही म्हणून अँटिव्हायरस निर्दोष ठरत नाही.

विनसॉक, म्हणजे प्रोग्रॅमना नेटशी जोडणारा विंडोजचा भाग, रिसेट करण्याची कमांड जिथे तिथे सांगितली जाते. अँटिव्हायरस ज्या काळात विनसॉकच्या साखळीत स्वतःची कडी घालत, त्या काळात ती रामबाण होती. आजचे फिल्टर त्या साखळीत नसतात, त्यामुळे ती बऱ्याचदा लागू पडत नाही. नुकसान नाही, करून बघा, पण चार वेळा करू नका. आयपी रिसेट करण्याआधी मात्र कार्डाची सेटिंग मोबाइलवर फोटो काढून ठेवा. केबलवाल्याने ठरावीक आयपी दिला असेल तर तो या कमांडने पुसला जातो. सेटिंगमधल्या ‘नेटवर्क रिसेट’चंही तसंच. कार्डं काढून पुन्हा बसवली जातात, त्यामुळे डायलरचा युजरनेम आणि वायफायचा पासवर्ड कागदावर लिहिलेला हवा.

तरीही अडलंच तर काढून टाकणं हाच उपाय, आणि इथे क्रम पाळा. नेहमीच्या अनइन्स्टॉलनंतर ड्रायव्हर मागे राहू शकतो. त्यासाठी कंपन्या स्वतःचं सफाईचं साधन देतात, ते मोबाइलवर उतरवून वायरने संगणकात घ्या. शिफ्ट दाबून रिस्टार्ट करा, मग ट्रबलशूट, अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रिस्टार्ट, आणि ४ दाबून सेफ मोड. ५ दाबलं तर नेटसह सेफ मोड मिळतो. तिथे नेट चालत असेल तर विंडोज आणि लाइन दोन्ही धड आहेत याचा तो पुरावाच झाला. नव्या लॅपटॉपवर डिस्क कुलूपबंद असेल तर मध्येच बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या त्या कुलपाची, ४८ आकडी चावी मागितली जाते. ती बहुतेकदा मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर ठेवलेली असते, आधी मोबाइलवरून शोधून ठेवा, नंतर धावपळ होते. सफाई झाली की विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस, डिफेंडर, आपोआप जागा होतो, त्यामुळे संगणक उघडा पडत नाही. फॉरमॅटची गरज मला तीनपैकी एकाही वेळी पडली नाही. दुकानात कुणी लगेच फॉरमॅट सुचवलं तर आधी सेफ मोडची चाचणी करून दाखवायला सांगा.

आणखी एक बिघाड नेट गेल्यासारखाच दिसतो. अपडेटनंतर फक्त फायरफॉक्समध्ये प्रत्येक साइटवर प्रमाणपत्राचा (साइट खरी असल्याच्या डिजिटल ओळखपत्राचा) इशारा येतो, क्रोम मात्र ठीक. एचटीटीपीएस तपासताना अँटिव्हायरस मध्ये बसून स्वतःचं प्रमाणपत्र पुढे करतो. अपडेटमध्ये ते नव्याने बनलं आणि फायरफॉक्सच्या स्वतंत्र साठ्यात पोचलं नाही की हे होतं. कुलपाच्या चिन्हावर टिचकी मारून प्रमाणपत्र कुणी दिलं ते वाचा. तिथे अँटिव्हायरसचं नाव असेल तर कारण सापडलं. आम्ही ही तपासणी तिन्ही संगणकांवर कायमची बंद केली. फाइल डिस्कवर उतरताना तपासली जातेच, आणि बँकेच्या व्यवहारात मध्ये कुणी बसलेलं नसणं मला जास्त मोलाचं वाटतं.

सध्याची मांडणी अशी आहे. व्हायरसची यादी आपोआप, प्रोग्रॅमचा अपडेट ‘विचारून’. तो शनिवारी सकाळी, दिवे असताना, यूपीएस चालू ठेवून, आणि लगेच रिस्टार्ट. पावसाळ्यात वीज मध्येच जाते, आणि ड्रायव्हर बदलत असताना ती गेली तर अर्धी जुनी, अर्धी नवी फाइल मागे राहते. महिन्याच्या १५ ते २० तारखेत, मुक्त विद्यापीठाच्या किंवा कुठल्याही परीक्षेचा फॉर्म भरायचा असेल त्या दिवसांत, अपडेटला हात लावायचा नाही. पेनड्राइव्हवर पूर्ण इन्स्टॉलर आणि सफाईचं साधन, दोन्ही ठेवलेली आहेत. प्रत्येक अपडेटआधी एक रिस्टोअर पॉइंट बनवतो, म्हणजे बिघडलं तर विंडोज त्या आधीच्या स्थितीला परत नेता येतं. पुष्कळ संगणकांवर ही सोय मुळात बंदच असते, ती सिस्टिम प्रोटेक्शनमध्ये जाऊन सुरू करावी लागते.

कंपनीवर माझा राग एकाच गोष्टीचा आहे. नेटवर्कचा ड्रायव्हर बदलतोय आणि रिस्टार्ट लागणार आहे, हे एका ओळीत पडद्यावर सांगणं अजिबात अवघड नाही. अपडेट पूर्ण झाल्याचं हिरवं चिन्ह दाखवलं जातं आणि काम अर्धं बाकी असतं. ज्यांच्या घरी हे उलगडून सांगणारं कुणी नाही, त्यांनी त्या संध्याकाळी काय करायचं?

अँटिव्हायरसचं नूतनीकरण इंदिरानगरच्या दोन्ही संगणकांसाठी करणार आहे, कारण तिथे बाहेरचे पेनड्राइव्ह सतत लागतात. नाशिकरोडच्या संगणकावरून तो काढून टाकला. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे आणि तिथे वापर म्हणजे सातबारा काढणं, लासलगावचे कांद्याचे भाव बघणं आणि व्हिडिओ कॉल. तिथे डिफेंडर आणि विंडोजची फायरवॉल एवढंच ठेवलंय, वाढीव सुरक्षा अपडेटची नोंदणी केली आहे, आणि तेव्हापासून त्या संगणकाचं नेट एकदाही गेलेलं नाही.