साडेबारा हजारांचं पाणी

गुडघे कुरकुरायला लागले आणि फर्मागुढीच्या चढावर दम लागायला लागला, तेव्हा मी वजनाचं मनावर घेतलं. ओळखीतल्याच एका बाईने गोव्यात, फोंड्यातलंच एक 'वेलनेस सेंटर' सुचवलं. दहा दिवसांत पाच किलो, नाहीतर पैसे परत. साडेबारा हजार रुपये. ती ओळखीची होती म्हणूनच मी गेले.

पहिल्या दिवशी दुपारी तीनला बोलावलं. मी शीत-कडी, म्हणजे भात-कालवण, आणि तळलेले बांगडे जेवून गेलेली. वर दोन मोठे ग्लास पाणी प्यायला लावलं, 'मशीनवर आकडा नीट येतो' म्हणून, आणि मग काट्यावर उभं केलं. ७९.८. शेवटचं वजन मात्र सकाळी साडेसहाला, उपाशीपोटी. यात काही खटकावं इतकी अक्कल तेव्हा मला नव्हती.

मधले दिवस दोन वेळा पावडरचा शेक, रात्री उकडलेली भाजी आणि झोपताना 'हर्बल चहा'. पहाटे पोटात असा मुरडा यायचा की संडासाचं दार सोडवत नसे. "बाय, आतली घाण जाते ती," सेंटरवाली म्हणाली. चहाच्या पाकिटावर बारीक अक्षरांत सोनामुखी लिहिलेलं होतं. म्हणजे साधं रेचक! पावडरच्या डब्यावर 'औषधी वापरासाठी नाही' असंही छापलेलं होतं. लठ्ठपणावरच्या औषधांच्या जाहिरातींना १९५४च्या कायद्याने बंदी आहे, हे मला फार उशिरा कळलं. पण त्यातून सुटायला पावडर औषध म्हणून नाही, खाणं म्हणून विकली जात होती.

दहाव्या दिवशी ७५.१. टाळ्या झाल्या, फोटो काढला. गणपतीची चवथ आली, नेवऱ्या म्हणजे करंज्या झाल्या, आणि पंधरा दिवसांत काटा परत ७९वर. पैसे मागायला गेले तर म्हणे, एक दिवस शेक चुकला होता, गॅरंटी संपली. पैसे मी यूपीआयने सेंटरवालीच्या खासगी नंबरवर भरलेले. पावती नाही, दुकानाचं नाव नाही.

मग आमच्या डॉक्टरांनी कागदावर जो हिशेब मांडला, तो आधी मांडला असता तर पैसे वाचले असते. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. पाच किलो म्हणजे ३८,५००, दिवसाला ३,८५०. माझ्या शरीराला दिवसभरात लागतात जेमतेम १,८००. म्हणजे दहा दिवस पाण्यावर राहिले असते तरी पाच किलो चरबी जाणार नव्हती! मग गेलं काय? शरीरात साठवलेल्या साखरेच्या प्रत्येक ग्रॅममागे सुमारे तीन ग्रॅम पाणी असतं. खाणं तोडलं की आधी तो साठा रिकामा होतो. राहिलेलं सोनामुखीने काढलं, आणि दुपारच्या जेवणाचं वजन त्यांनी माझ्याकडूनच उसनं घेतलं होतं.

आता स्वयंपाकघरात एक छोटा काटा आहे आणि एक वही. पहिल्याच आठवड्यात कळलं की शीत हा माझा शत्रू नव्हताच. खोबरं होतं. शंभर ग्रॅम ओल्या खोबऱ्यात साडेतीनशे कॅलरी, आणि हुमणाला, म्हणजे माशाच्या कालवणाला, मी ते मुठीने घालायची. तेलाच्या एका मोठ्या चमच्यात १२०. चार कप चहातल्या आठ चमचे साखरेचे दीडशे वेगळेच. नारळ सोडा असं गोव्यात कोणाला सांगून उपयोग नाही, मीही सोडला नाही. मोजते. बांगडा तव्यावर, तेही चमचाभर तेलात. संध्याकाळी अर्धा तास चालणं. रोज चारशे कमी धरले तर महिन्याला दीड किलो कागदावर उतरतं. प्रत्यक्षात कधी एक, कधी अर्धा, आणि एका महिन्यात काहीच नाही.

तुम्हाला कोणी असं पॅकेज दिलं तर दोन्ही वजनं सकाळी उपाशीपोटी, एकाच काट्यावर करायला सांगा. दुकानाच्या नावाची पावती मागा. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. मी फोन केला होता, पण त्यांनी विचारलेला पहिलाच कागद माझ्याकडे नव्हता.

अकरा महिन्यांनी काटा ७१.४ दाखवतो. हुमण पातळ झालं, असं घरचे अजून म्हणतात.