रोजच्या गोळीऐवजी हार्मोनल रिंग: फायदे आणि मर्यादा

गर्भनिरोधक गोळी रोज आठवणीने घेणे जिला जमत नाही, तिने योनीमार्गात ठेवायच्या हार्मोनल रिंगचा अवश्य विचार करावा, असे ती वापरल्यानंतर माझे मत झाले आहे. मात्र या रिंगमुळे गोळीचे सगळेच प्रश्न मिटतात, असे नाही.

सुमारे 54 मिलीमीटर व्यासाची ही पारदर्शक, लवचीक रिंग चिमटीत दाबून आत सरकवली की तिच्यातून इटोनोजेस्ट्रेल आणि इथिनिल इस्ट्रॅडिओल ही संप्रेरके संथपणे झिरपत राहतात, त्यामुळे स्त्रीबीज बाहेर पडत नाही आणि गर्भाशयमुखाचा स्राव दाट होतो. ती अगदी नेमक्या जागी बसवावी लागते ही भीती अनाठायी आहे. टोचल्यासारखे वाटले, तर बोटाने थोडी आणखी आत ढकलली की पुरते. संबंधांच्या वेळी काढण्याचीही गरज नसते.

रिंग 3 आठवडे आत ठेवायची, 1 आठवडा काढायची आणि रक्तस्राव थांबलेला नसला तरी ठरल्या दिवशी नवी बसवायची, असा क्रम आहे. खरी गफलत इथेच होते, कारण नवी रिंग बसवायला उशीर झाला की संरक्षण ढासळते. अगदी बिनचूक वापर केल्यास वर्षभरात 1000 पैकी सुमारे 3 स्त्रियांना गर्भ राहतो, प्रत्यक्षातल्या वापरात मात्र 100 पैकी सुमारे 7 जणींना. ही तफावत बहुतांशी वापरातल्या चुकांची आहे. रिंग निसटली तर थंड किंवा कोमट पाण्याने धुऊन लगेच परत बसवावी, गरम पाणी वापरू नये. ती 3 तासांहून अधिक बाहेर राहिली, तर पुढचे 7 दिवस कंडोम वापरावा; तिसऱ्या आठवड्यात असे घडल्यास ती टाकून द्यावी आणि नवी केव्हा बसवायची ते डॉक्टरांना विचारावे.

डोकेदुखी, मळमळ, स्तन हुळहुळणे आणि पांढरे जाणे वाढणे असे त्रास होऊ शकतात. पूर्वी रक्ताची गुठळी झालेली असणे, डोळ्यांपुढे चमक येऊन सुरू होणारी अर्धशिशी, अनियंत्रित रक्तदाब, स्तनाचा कर्करोग किंवा पस्तिशीनंतरचे धूम्रपान यांपैकी काही असेल तर रिंग घेऊच नये. रिफॅम्पिसिन (क्षयरोगावरचे औषध) आणि अपस्माराच्या काही औषधांमुळे तिचा प्रभाव घटतो, म्हणून चालू औषधांची यादी डॉक्टरांना दाखवणे आवश्यक आहे. लैंगिक संबंधांतून पसरणाऱ्या आजारांपासून ती संरक्षण देत नाही.

दर महिन्याला नवी रिंग नको असेल, तर सेजेस्टेरोन असिटेट हे संप्रेरक असलेली, धुऊन 13 मासिक चक्रे (सुमारे वर्षभर) वापरता येणारी रिंगही आहे. तिला अमेरिकेत 2018 साली मान्यता मिळाली. तारखांचा हिशेब मात्र तिच्याबाबतीतही ठेवावाच लागतो.