१० इंची विकून १४ इंची बँडसॉ घेतला

आधी टेबलावर ठेवायचा १० इंची बँडसॉ (दोन चाकांवर फिरणाऱ्या पट्टीसारख्या पात्याची विजेची करवत) घेतला होता. खेळण्यांची चाकं, वळणदार ब्रॅकेट, सगळं त्यानं झकास कापलं. मग ५ इंच रुंदीची सागाची फळी कडेवर उभी करून पातळ पट्ट्यांत चिरायला लावली आणि मोटरनं मानच टाकली. पातंही आतल्या आत वाकलं. निघालेली पट्टी एका टोकाला जाड, दुसरीकडे कागदासारखी.

आता १ अश्वशक्तीचा १४ इंची वापरतोय. हे इंच चाकाच्या व्यासाचे, कापायच्या उंचीचे नव्हेत! माझ्या मशीनची कापायची उंची ६ इंचच आहे, तेव्हा घेताना तो आकडा वेगळा विचारा. उभ्या चिरकामाला अर्धा इंच रुंद, इंचाला ३ दातांचं पातं लावतो. वळणांना पाव इंची. मशीनसोबत आलेलं पातं मात्र थेट भंगारात गेलं.

पातं बदलायचं, ताण द्यायचा, ते चाकावर मधोमध आणायचं, मग गाइड (पात्याला आधार देणारे तुकडे) जुळवायचे. यात माझी अजून वीस मिनिटं जातात. म्हणून कधीकधी रुंद पात्यानंच वळण काढायचा आळशीपणा करतो आणि लाकूड जळतं. भुसा खालच्या चाकाच्या पेटीत साचतोच, व्हॅक्यूम जोडला तरी.