इव्हेंट व्ह्यूअर: पीसी मधेच बंद पडतो, त्याचा निवाडा

खानापूरकडे पावसाळ्यात लाईटची ये-जा चालूच असते, त्यामुळे झेरॉक्स-डीटीपीच्या दुकानातला पीसी मधेच बंद पडला की खापर सरळ विजेवर फुटतं. खरा दोष कधी एसएमपीएसचा (पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याचा) असतो, कधी ड्रायव्हरचा (एखादा भाग चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा). विंडोजने ठेवलेल्या घडामोडींच्या नोंदी दाखवणारा, फुकट मिळणारा इव्हेंट व्ह्यूअर हा निवाडा बऱ्यापैकी करतो. मात्र फिल्टर न लावता उघडलात तर नुसता लाल-पिवळा गोंधळ दिसेल. धडधाकट पीसीतही एरर असतातच. 10016 या आयडीची (नोंदीच्या क्रमांकाची) एरर तर खुशाल सोडून द्या.

विंडोज आणि एक्स ही बटणं एकदम दाबून यादीतून इव्हेंट व्ह्यूअर उघडा. डावीकडे 'विंडोज लॉग्ज'मध्ये 'सिस्टीम', मग उजवीकडे 'फिल्टर करंट लॉग'. आयडीच्या चौकटीत 41,1074,6008 टाका. हात जपून: 'क्लिअर लॉग' त्याच्या अगदी वरच आहे. ही मांडणी कुणाला सुचली कोण जाणे!

1074 म्हणजे रीतसर बंद किंवा रीस्टार्ट. कोणत्या प्रोग्रामने केलं तेही आत लिहिलेलं असतं, म्हणजे अपडेटने केलेला रीस्टार्ट इथेच सापडतो. 41 म्हणजे पीसी रीतसर बंद न होता परत चालू झाला, आणि 6008 म्हणजे आधीचं बंद होणं अचानक होतं. 41 मात्र फसवतो. त्याची वेळ पीसी परत चालू झाल्याची असते; बंद पडल्याची अंदाजे वेळ 6008 च्या मजकुरात बघायची आणि लाईट गेल्याच्या वेळेशी ताडायची.

पुढे 41 च्या 'डिटेल्स'मध्ये 'बगचेककोड' बघा. शून्याखेरीज आकडा असेल तर ब्लू स्क्रीन (विंडोज कोसळल्याची निळी स्क्रीन) आली होती. हा आकडा दशमान असतो, म्हणून 159 चा अर्थ शोधताना त्याचं हेक्स (16 च्या पायाचं) रूप 9एफ घ्यावं लागतं. हा बहुधा ड्रायव्हरचा घोळ. 'पॉवरबटनटाइमस्टॅम्प' शून्य नसेल तर कुणीतरी बटण दाबून धरलं होतं. दोन्ही शून्य आणि दुकानात लाईट होती, तर एसएमपीएस आणि यूपीएसची बॅटरी तपासा. 600 व्हीएच्या यूपीएसवर लेसर प्रिंटरही जोडलाय का? गरम होताना तो इतका लोड खेचतो की यूपीएस ट्रिप होतो. पीसी हँग होऊन कुणी रीसेट दाबला तरी शून्यच दिसतं. तो फरक या लॉगला कळत नाही.

सिस्टीम लॉग मुळात 20 एमबीचा असतो, भरला की जुन्या नोंदी पुसत जातो. 'प्रॉपर्टीज'मध्ये 65536 केबी करून ठेवा. जुन्या असेंबल्ड पीसीत आधी मदरबोर्डवरचा सीआर2032 सेल बदला, नाहीतर घड्याळच मागे पडतं आणि वेळा जुळवण्यात अर्थ राहत नाही.