सायकल चोरीला गेली, आणि तिच्या सगळ्या खुणा मीच सांगून बसलो

चोरीचं आधी सांगून टाकतो, त्यात सांगण्यासारखं फार नाही. मी साताऱ्यात गोडोलीला राहतो. रविवारी पहाटे यवतेश्वरला जायचं म्हणून खाली उतरलो, तर पार्किंगमध्ये सायकल नव्हती. तारेचं कुलूप कापलेलं, त्याचे दोन तुकडे मीटरच्या पेटीखाली पडलेले. काळी हायब्रीड सायकल, ॲल्युमिनियमची फ्रेम, २०२१ मध्ये ३८ हजारांना घेतलेली. शुगर निघाल्यावर डॉक्टरांनी व्यायामाचं बजावलं, तेव्हा हप्त्यावर घेतली होती. हिच्यावरच मी पहिल्यांदा न थांबता यवतेश्वरचा घाट चढलो, हिच्यावरच कासला जाऊन आलो.

मला लिहायचंय ते त्यानंतरच्या चार दिवसांबद्दल.

पोलीस ठाण्यात ठाणे अंमलदारांनी पहिलाच प्रश्न विचारला, "फ्रेम नंबर काय?" माझ्याकडे नव्हता. बिल होतं, पण त्यावर दुकानदाराने हाताने एवढंच लिहिलेलं: हायब्रीड सायकल, काळी, १ नग. मी एमआयडीसीत लेथवर काम करतो. आमच्या शॉपमध्ये हीट नंबर, म्हणजे धातू कुठल्या ओतकामातला ते सांगणारा क्रमांक, पंच केल्याशिवाय एकही जॉब पुढच्या मशीनवर जात नाही. बावीस वर्षं हातात नंबर पंच धरणाऱ्या माणसाने स्वतःच्या सायकलचा नंबर कधी वाचलाही नव्हता. अंमलदार समजुतीने बोलले. "काळ्या सायकली शंभर मिळतील, तुमची कुठली ते आम्ही कसं ओळखायचं?" फिर्यादीत शेवटी रंग, गिअर आणि अंदाजे किंमत एवढंच लिहिलं गेलं.

घरी आलो आणि ती उणीव भरून काढायला बसलो. आठवतील तेवढ्या खुणा मोबाईलवर लिहून काढल्या. वरच्या नळीवर डावीकडे बोटभर लांब ओरखडा, ठोसेघरच्या रस्त्यावर पडलो तेव्हाचा. डाव्या मुठीवर लाल टेप. सीटच्या मागे मुलीने लावलेलं वाघाचं स्टिकर. आणि हँडलवर पितळी घंटी, माझ्या वडिलांच्या जुन्या सायकलची. सोबत सायकलचा स्वच्छ फोटो, माझं नाव, फोन नंबर आणि "शोधून देणाऱ्यास योग्य बक्षीस". हा मेसेज सोसायटीच्या ग्रुपवर, कंपनीच्या ग्रुपवर, सायकलवाल्यांच्या तीन ग्रुपवर टाकला. लोकांनी पोटतिडकीने पुढे पाठवला. रात्रीपर्यंत तो कराडहून, फलटणहून फिरून माझ्याकडेच परत आला. मला वाटलं, आता सायकल लपवायला जागा उरली नाही.

बुधवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीत फोन आला.

"दादा, तुमची सायकल हाय का हरवलेली? काळी? मी लोणंदवरनं बोलतोय."

माणूस घाई करत नव्हता. म्हणाला, मी टेम्पोवर असतो, एका पोराने पैशाची नड आहे म्हणून सायकल विकली, मी तीन हजाराला घेतली, नंतर मेव्हण्याच्या मोबाईलवर तुमचा मेसेज बघितला आणि छातीत धस्स झालं. मग खुणा सांगू लागला. डाव्या बाजूला ओरखडा हाय. मुठीला तांबडी टेप हाय. माझा श्वास अडकलेला. आणि शेवटी, जरा थांबून, "घंटी पितळंची हाय दादा, जुन्या काळातली. असली आता मिळत न्हाई."

त्या घंटीने मला मारलं. वडील गेले त्याला सहा वर्षं झाली. ती घंटी हातात घेतल्यासारखी वाटली. या माणसाने सांगितलेला एक एक शब्द मीच तीन दिवसांपूर्वी लिहिलेला आहे, हे त्या क्षणी डोक्यात आलंच नाही.

पैसेही त्याने अवाच्या सवा मागितले नाहीत. "माझे तीन हजार तेवढे द्या, बक्षीस नको." कुणालाही पटेल असं. मी फोटो मागितला, त्याने पाठवला. भिंतीला टेकलेली सायकल, थोडी अंधुक. मी तीन हजार पाठवले. ॲपवर नाव दुसऱ्याचंच आलं, तर म्हणाला, बायकोचं खातं आहे. दहा मिनिटांनी पुन्हा फोन: सायकल साताऱ्याला पोचवायला टेम्पोचे बाराशे लागतील, नाहीतर तुम्हीच या. मी बाराशे पाठवले, आणि तरी मन राहवेना म्हणून अर्धी सुट्टी टाकून, मुलीला कॉलेजमधून घेऊन एसटीने निघालो. वाठार स्टेशन मागे पडलं तेव्हा तिसरा फोन. टेम्पो नाक्यावर अडवलाय, साहेबांना अडीच हजार द्यायचेत.

मुलगी शेजारी बसून तो फोटो बघत होती. तिने मोबाईल माझ्यासमोर धरला. "बाबा, चेन डावीकडे आहे."

सायकलची चेन उजव्या बाजूला असते. या फोटोत ती डावीकडे होती आणि माझा डावा ओरखडा उजवीकडे गेला होता. तो फोटो माझाच होता. मी मेसेजसोबत टाकलेला, आरशात दिसतो तसा उलटा केलेला, कडेने कापलेला आणि मुद्दाम अंधुक केलेला. वाघाचं स्टिकर कापलेल्या भागात गेलं होतं. भिंत आमच्याच पार्किंगची.

लोणंदच्या स्टँडवर आम्ही उतरलो तरी. कांद्याच्या गोण्यांच्या गाड्या जात होत्या, मी प्रत्येक टेम्पोकडे बघत होतो. फोन तोवर बंद झाला होता. मुलगी काही बोलली नाही, चहा घेऊन आली. साताऱ्याला परत येईपर्यंत रात्र झाली आणि १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन मी घरी पोचल्यावर केला. ही माझी दुसरी मोठी चूक. ऑनलाइन पैसे गेले की १९३० हा क्रमांक त्याच मिनिटाला फिरवायचा असतो, बसमधून, रस्त्यावरून, जिथे असाल तिथून. पैसा एका खात्यातून दुसऱ्यात सरकत जातो आणि पुढे काढून घेतला जातो. तो मध्येच गोठवता आला तरच परत मिळण्याची आशा असते. मी पाच तास घालवले. तक्रार क्रमांक मिळाला, ४,२०० रुपये मिळालेले नाहीत.

त्या रात्री झोप आली नाही. पहाटे केव्हातरी एक गोष्ट आठवली आणि मी उठून बसलो. वडिलांच्या काळी घंटीची वाटी चोरीला जायची. वरची वाटी फिरवली की निघते, पोरं काढून न्यायची. म्हणून वडिलांनी वाटीच्या आतल्या बाजूला दाभणाने काहीतरी कोरून ठेवलं होतं. मी लहानपणी ते पाहिलेलं. मेसेजमध्ये ते लिहायचं राहिलं होतं, म्हणजे ही एकच खूण अशी होती जी फक्त मला आणि खरोखर सायकल हातात असलेल्या माणसालाच सांगता आली असती. मी फोनवर एवढंच म्हणायला हवं होतं: दादा, घंटीची वाटी काढा आणि आत काय आहे ते वाचा.

वडिलांच्या सायकलला आणखी एक गोष्ट होती, नगरपालिकेचा पत्र्याचा बिल्ला. कर भरला की मिळायचा, त्यावर नंबर असायचा. ते बिल्ले गेले आणि सायकलला नंबर असतो हेच आपण विसरलो. फ्रान्समध्ये २०२१ पासून नवी सायकल ओळख क्रमांक कोरल्याशिवाय दुकानातून बाहेर पडत नाही. आपल्याकडे मोबाईल हरवला तर आयएमईआय नंबरवरून, म्हणजे प्रत्येक हँडसेटच्या स्वतंत्र क्रमांकावरून, तो बंद तरी करता येतो. सायकलचं सगळं आपल्यालाच करून ठेवावं लागतं.

म्हणून गेल्या महिन्यात आमच्या पहाटेच्या ग्रुपमधल्या नऊ सायकली माझ्या दारात उलट्या केल्या. फ्रेम नंबर बहुतेक वेळा बॉटम ब्रॅकेटच्या बुडाला असतो, म्हणजे पेडलचा ॲक्सल ज्या आडव्या नळीत बसतो तिच्या खाली. काहींचा पुढच्या हेड ट्यूबवर, म्हणजे हँडलखालच्या उभ्या नळीवर, किंवा मागच्या चाकाजवळ सापडतो. चिखल आणि ग्रीसचा थर असतो. ओला फडका आणि जुना टूथब्रश घेऊन बसावं लागतं. रंगात बुजलेला असेल तर पातळ कागद ठेवून वरून शिसपेन्सिल आडवी घासायची, आकडे उमटतात. नऊपैकी सात जणांनी आपला नंबर त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. नंबरचा फोटो, मालकासह पूर्ण सायकलचा फोटो आणि बिल, तिन्ही स्वतःलाच मेल करून ठेवायचं. नुसतं मोबाईलमध्ये ठेवलं आणि मोबाईलच गेला तर काय?

मग स्वतःची खूण. आम्ही एमएच ११, नावाची आद्याक्षरं आणि फोनचे शेवटचे चार आकडे असं ठरवलं. आधार क्रमांक कुठेही कोरू नका, ती दुसऱ्या फसवणुकीला वाट आहे. ही खूण दिसेल अशी हवी. खोडायला वेळ लागणारी वस्तू विकायला जड जाते, आणि चोराला सगळ्यात आधी तेच दिसलं पाहिजे. पण कोरायचं कुठे, यात माझ्या धंद्यातलं एक सांगतो. धातूवर जिथे ताण येतो तिथे खाच पाडली की तडा त्या खाचेतूनच सुरू होतो. म्हणून हँडल, स्टेम (हँडल धरणारा तुकडा), क्रँक (पेडलची दांडी), पुढचा फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा) यांवर कोरायचा पेन चालवायचा नाही. आणि नंबर पंच तर हातोड्याने ठोकायचाच नाही. ॲल्युमिनियमच्या नळ्यांची भिंत पातळ असते, ती चेपते. मी बॉटम ब्रॅकेटच्या जाड भागावर इलेक्ट्रिक पेनने रंगापुरतंच, हलक्या हाताने कोरलं. कार्बनची फ्रेम एकाची होती, तिला पेन लावूच दिला नाही. तिच्यावर स्टिकर चिकटवून वरून पारदर्शक फिल्म लावली.

आणि तिसरी, गुप्त खूण. सीटचा दांडा काढून आत नाव-नंबरची लॅमिनेट केलेली चिठ्ठी गुंडाळून ठेवता येते, पण ती दोऱ्याने दांड्यालाच बांधा, नाहीतर घसरून बेअरिंगवर बसेल. कुणी अतिनील शाईचा पेन वापरतात. नोटा तपासायच्या निळ्या दिव्यात ती अक्षरं उजळतात, मात्र उन्हाने आणि धुण्याने फिकी होतात, वर्षाकाठी पुन्हा लिहावी लागतात. कुठलीही पद्धत घ्या, पण ही खूण घरातल्या एका माणसाशिवाय कुणाला सांगू नका. ग्रुपवर नाही, स्टेटसवर नाही. पोलिसांच्या फिर्यादीत मात्र ती जरूर लिहा. माल सापडला तर मुद्देमाल म्हणून जमा होतो आणि कोर्टाकडून परत घेताना तो तुमचाच हे दाखवावं लागतं. तिथे फ्रेम नंबर आणि ही खूण बोलते.

ग्रुपमधले दोघे गिर्यारोहणवाले आहेत, त्यांनी दोर आणला होता. त्यावर मार्करने नाव लिहायला मी पेन उघडलाच होता, त्यांनी हात धरला. गिर्यारोहण संघटनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, यूआयएएने, २००२ मध्येच सावध केलंय की मार्करच्या शाईने दोराची झटका झेलण्याची ताकद निम्म्यापर्यंत घटू शकते. दोराच्या टोकांना टेप गुंडाळून त्या टेपवर लिहायचं. कॅरॅबिनरला, म्हणजे दोर अडकवायच्या धातूच्या कडीला, पाठीच्या बाजूला रंगीत टेप, तिच्या उघडणाऱ्या गेटपासून आणि दोर घासतो त्या जागेपासून दूर. हार्नेसवर, म्हणजे कमरेला बांधायच्या पट्ट्यांवर, लिहायचं असेल तर लेबलावरच. तंबूला आतल्या शिवणीत नावाची पट्टी शिवली की ती उसवल्याशिवाय जात नाही.

माझ्या सायकलचा फ्रेम नंबर अर्धा मिळाला. मुलीने जुने फोटो चाळताना कासच्या रस्त्यावर पंक्चर काढतानाचा एक शोधला, त्यात सायकल उलटी आहे. मोठा करून पाहिला तर शेवटचे पाच आकडे वाचता येतात. ते आणि घंटीच्या आतलं, दोन्ही पुरवणी जबाबात दिलंय. सायकल अजून मिळालेली नाही.

तो जुना मेसेज मात्र अजून फिरतोच आहे. गेल्या आठवड्यात दहिवडीजवळून बोलतोय म्हणून एकाचा फोन आला. ओरखडा, लाल टेप, पितळी घंटी, सगळं पाठ. मी म्हटलं, सायकल जवळच्या कुठल्याही पोलीस ठाण्यात जमा करा, मी तिथे येतो आणि बक्षीस तिथेच देतो. तो म्हणाला, पोलिसांचं लफडं नको. मी म्हटलं, बरं, मग घंटीची वाटी फिरवून काढा आणि आत काय कोरलंय ते वाचून दाखवा. "थांबा, बघतो" म्हणाला. मी कान देऊन ऐकत होतो. वाटी फिरल्याचा करकर आवाज मला ओळखता येतो. तो आला नाही, फोन कट झाला.

त्याचा फोन नंबर ठाण्यात देऊन आलोय. तो मेसेज तुमच्या ग्रुपवर आला तर पुढे पाठवू नका.