फ्लॅट ले: खिडकीचा उजेड की एलईडीचा दिवा?

पितळी वाटी, चष्मा, पतंगाची फिरकी, चार भाकरवड्या असं घरातलंच काहीबाही टेबलावर मांडायचं आणि बरोबर वरून फोटो काढायचा, हा झाला फ्लॅट ले. त्याला महागडा कॅमेरा लागत नाही, बऱ्यापैकी फोन पुरतो. घोडं अडतं ते उजेडापाशी. बडोद्यात हा नाद लागलेला प्रत्येक जण लवकरच विचारतो, दिवा घेऊ की खिडकीवर भागेल? माझा कल आधीच सांगतो: दिवसा तासभर मोकळा मिळत असेल तर खिडकी. रात्री आठला घरी पोचत असाल तर दिवा. ज्यांचं या दोन्हींच्या मधलं आहे, त्यांनी पुढचं वाचावं.

वरून पाहिलं की वस्तूची उंची नाहीशी होते. वाटी म्हणजे नुसतं वर्तुळ, डबी म्हणजे चौकोन. ती उंची परत आणते सावली, आणि सावली पडायला उजेड एका बाजूने, आडवा यावा लागतो. टेबल खिडकीला लावून ठेवलं की हे आपोआप होतं. भाकरवडीचा खरखरीतपणा, खादीची वीण, बडोद्याच्या ओलसर चिवड्यातला, म्हणजे लीलो चेवड्यातला प्रत्येक तुकडा वेगळा दिसतो. शिवाय उजेडाचा स्रोत वस्तूच्या मानाने जितका मोठा, तितकी सावलीची कड मऊ. चार फुटी खिडकीशी छोटा दिवा इथे बरोबरी करूच शकत नाही.

खरी परीक्षा चकचकीत वस्तूंची. पितळेची वाटी किंवा संखेड्याच्या लाखकामाची डबी घ्या. त्यांच्यावर उजेड देणाऱ्या वस्तूचंच प्रतिबिंब उमटतं. खिडकीसमोर वाटीच्या काठावर लांब, शांत पांढरी पट्टी येते आणि धातू धातूसारखा दिसतो. उघड्या एलईडीखाली तिथेच एक जळका ठिपका. दिव्यापुढे ट्रेसिंग पेपर ताणून धरला की ठिपका पसरतो, पण मग तो कागदही मोठा हवा, चौकट हवी, ती उभी करायला जागा हवी. म्हणजे शेवटी आपण घरात एक खोटी खिडकीच बांधत असतो!

खिडकी कोणत्या दिशेची, हे मात्र बघा. बडोदं साधारण 22.3 उत्तर अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या थोडंसं खाली. उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या सुमारास भर दुपारी सूर्य क्षितिजापासून 46 अंशांच्या आसपासच असतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीतून ऊन थेट टेबलावर येतं आणि सावल्या काळ्याकुट्ट पडतात. पतंग-फिरकीच्या फोटोला त्या शोभतात, चिनी मातीच्या कपाला नाही. कपासाठी पांढरा पातळ पडदा ओढायचा. जूनमध्ये सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, तेव्हा त्याच खिडकीत दुपारचं ऊन शिरत नाही, नुसता आभाळाचा उजेड येतो. उत्तरेची खिडकी बहुतेक वर्षभर भरवशाची, फक्त ऐन उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ तिच्यातून तिरपं ऊन डोकावतं. एक बारकावा: इथे सूर्य माथ्यावर येतो तो घड्याळात साडेबाराच्या पुढेमागे, त्यामुळे बाराचा हिशेब धरू नका.

घडियाळी पोळेसारख्या चिंचोळ्या गल्लीत तळमजल्यावर राहत असाल, तर हे सगळं वाचून काही उपयोग नाही. समोरच्या घराची भिंत हेच तुमचं आभाळ, आणि ती गुलाबी असेल तर पांढरा कपही गुलाबी. अशा घरात गच्ची वापरा, किंवा सरळ दिवा घ्या.

दिव्याची बाजू एका मुद्द्यावर भक्कम आहे: तो बदलत नाही. घरगुती मसाल्यांच्या किंवा हाताने केलेल्या दागिन्यांच्या वीस वस्तू एकसारख्या दाखवायच्या असतील, तर खिडकी दगा देते. पावसाळ्यात एक ढग आला की दहावा फोटो निळसर आणि अंधारा. दिव्याची जागा जमिनीवर चिकटपट्टीने आखून ठेवली, तर पुढच्या महिन्यातली एकविसावी वस्तूही त्याच ओळीत बसते. व्यवसायासाठी फोटो हवे असतील तर मी दिव्याच्या बाजूने आहे, हौसेसाठी नाही.

दिवा जवळ ठेवायचा मोह होतो. पण अंतर दुप्पट झालं की उजेड चौपट कमी होतो, म्हणून 50 सेंटीमीटरवरच्या वस्तूला जो उजेड मिळतो त्याचा चौथाच भाग 100 सेंटीमीटरवरच्या वस्तूला. मांडणीचं एक टोक पांढरंफटक, दुसरं मळकट. दिवा लांब न्या आणि फोन स्टँडवर लावून शटर सावकाश ठेवा.

काही गोष्टी दोन्हीकडे सारख्याच लागतात. उजेडाच्या समोरच्या बाजूला थर्माकोलचा तुकडा उभा केला की सावली हलकी होते, काळा पुठ्ठा ठेवला की गडद. छताची ट्यूब, बल्ब बंद, कारण खिडकीचा निळसर आणि बल्बचा पिवळा उजेड एकत्र आले की कोणतंही व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून कॅमेरा करतो ती रंगांची जुळवणी) दोघांना खूश करत नाही. फोन टेबलाला समांतर हवा. बऱ्याच फोनमध्ये ग्रिड किंवा लेव्हल चालू केली की अधिक चिन्हासारख्या (+) दोन खुणा दिसतात, त्या एकावर एक आणायच्या. आणि फोन खाली नेऊ नका, वर उचलून दोन पट झूम करा, नाहीतर कडेचा पेला बाहेरच्या बाजूला कललेला दिसतो. यासाठी आडवा दांडा असलेला स्टँड लागतो. पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर दिव्याआधी हा घ्या.

दिवाच घ्यायचं ठरलं, तर वॅटपेक्षा खोक्यावरचा सीआरआय पाहा, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात याचा शंभरपैकी आकडा. तो 95 किंवा वर असला की हळद आणि तिखट आपापल्या रंगात दिसतात. उजेडाचा रंग 5500 केल्विनच्या आसपासचा घ्या, म्हणजे खिडकीबरोबरही चालेल. आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त एलईडी सेकंदाला 100 वेळा लुकलुकतो. डोळ्याला ते कळत नाही, पण फोटोत आडवे पट्टे येतात. दुकानातच दिवा लावून फोनच्या स्लो मोशनमधून त्याच्याकडे बघा, उजेड थरथरला तर दुसरा दाखवायला सांगा.