अलबत्या गलबत्या : बडोद्यात यायची वाट बघायची की सरळ मुंबई गाठायची?

आमच्या शाळेच्या मैत्रिणींच्या ग्रुपवर हा विषय 2018 पासून पडून होता. त्या वर्षी रत्नाकर मतकरींचं हे जुनं बालनाट्य चिन्मय मांडलेकरच्या दिग्दर्शनात नव्याने आलं, वैभव मांगले चिंची चेटकीण झाला आणि मुंबईच्या मावश्या, आत्या फोनवर सांगायला लागल्या की अगं बघाच. माझ्या आईने तर लहानपणी दिलीप प्रभावळकरांची चेटकीण पाहिलेली, ती अजून हातवारे करून सांगते. मग कोरोना, मग एकीची बदली, मग दुसरीचं बाळंतपण, आणि तेव्हा कडेवर होती ती मुलं चौथीत गेली तेव्हा कुठे आम्ही निघालो. चार मैत्रिणी, पाच मुलं, आणि त्यातली एक मैत्रीण पक्की गुजराती.

आता बाकीच्या बडोदेकर मैत्रिणी विचारतात की थांबू का जाऊ, म्हणून सगळं एकदाच लिहिते.

थांबण्याच्या बाजूने आधी बोलते, कारण ती बाजू अजिबात कच्ची नाहीये. नाटक आपल्याकडे बडोद्याच्या नाट्यगृहात, म्हणजे नगरगृहात लागलं तर संध्याकाळी स्कूटर काढायची, आजी-आजोबांना रिक्षात बसवायचं, मध्यंतरात ओळखीचे पन्नास चेहरे भेटणार, सुटल्यावर सेव उसळ खाऊन दहाला घरी. सत्तरीच्या पुढचं कुणी बरोबर असेल किंवा पोर चारच्या आतलं असेल तर बाकी काही वाचूच नका, थांबा.

पण फँटसी नाटकाचं एक वेगळं असतं. घरगुती विषयाच्या नाटकाला एक सोफा आणि दोन दारं पुरतात, दौऱ्यावर ते जसंच्या तसं उभं राहतं. इथे जंगल, राजवाडा, चेटकिणीची गुहा, धूर, रंगीत प्रकाश, आणि हे सगळं क्षणात बदलायला हवं. दौऱ्यात सामान टेम्पोतून येतं, लाइट लावायला हातात मोजके तास असतात, हॉल नवखा असतो, मग कुठेतरी काटछाट होतेच आणि त्यात कलाकारांचा काही दोष नसतो. मी इथे दौऱ्यावर आलेलं एक दुसरं जादूचं नाटक पाहिलंय, त्यात राक्षस आला आणि धूर त्याच्यानंतर आला, माझा मुलगा लगेच म्हणाला आई ते मशीन आहे ना. एकदा ते मशीन दिसलं की मग संपलं, पुढचा तासभर तो मशीनच शोधत बसला.

मुंबईत तेच लोक त्याच थिएटरांत पुन्हा पुन्हा प्रयोग करतात, त्यांचा हात बसलेला असतो, अंधार झाला की पुढच्या सेकंदाला बरोब्बर काय होणार हे विंगेतल्या माणसाला पाठ असतं, हा फरक मला तरी खूप मोठा वाटला.

आता मुंबईत कुठे? सगळ्यांच्या डोक्यात दादरचं शिवाजी मंदिर असतं, आमच्याही होतं, प्लाझासमोरचं 1965 पासूनचं थिएटर, बाहेर पडलं की दादरचा बाजार, मोह होतोच. पण बडोद्याहून जाताना बोरीवली आधी येतं हे आपण विसरतो. मुंबई सेंट्रल इथून 392 किमी, बोरीवली त्याच्या तीसेक किमी अलीकडे, बहुतेक गाड्या तिथे थांबतात आणि तिथे प्रबोधनकार ठाकरे नाट्यमंदिर आहे. मुलांना घेऊन लोकलची धक्काबुक्की नको असेल तर बोरीवलीच्या प्रयोगाची वाट बघा, किंवा मग पार्ल्याचं दीनानाथ मंगेशकर नाट्यगृह. आम्ही हट्टाने दादरला गेलो आणि बाजारात दोन पोरं रडली. पुढच्या वेळी बोरीवली.

खरी अडचण तारखांची आहे. रेल्वेचं रिझर्वेशन 60 दिवस आधी उघडतं आणि प्रयोगाची जाहिरात येते फार तर दोन-तीन आठवडे आधी, म्हणजे नाटक पक्कं होईपर्यंत सुट्टीतल्या गाड्या वेटिंगवर गेलेल्या. आम्ही उलट केलं, आधी शनिवार-रविवारची गाडीची तिकिटं काढून ठेवली आणि मग त्या दोन दिवसांत कुठे प्रयोग लागतोय ते बुकमायशो आणि तिकिटालयवर रोज बघत बसलो. रिस्क आहे, नाही लागला तर मावशीकडे राहून परत यायचं, एवढी तयारी ठेवा. जाताना वंदे भारत सोयीची, फक्त ती आठवड्यातून एक दिवस नसते तो वार बघून घ्या. येताना बडोद्यावरून जाणारी रात्रीची एकता नगरची गाडी दादरहूनच सुटते, मुलं झोपून येतात. आणि हो, चेटकीण कोण करतंय ते जाहिरातीत नीट वाचा, इतक्या वर्षांत कलाकार बदलतात, मुलांना नाव सांगून ठेवलं असेल तर पंचाईत.

खर्चात तुलनाच नाही. मुंबईला नाटकाच्या तिकिटापेक्षा गाडीभाडं आणि खाणं जास्त होतं. ज्यांना ते जड जाईल त्यांनी थांबण्यात काही कमीपणा नाही. मोबाइलवर तुकडे बघायचा तिसरा पर्याय मात्र कृपा करून नको, मुलांची नवलाई तिथेच संपते.

मी जा म्हणते त्याचं कारण वेगळंच आहे. आमची मुलं मराठी बोलतात ती घरात, आजीशी, आणि तेही मध्ये मध्ये गुजराती घालून. शाळेत, सोसायटीत, क्रिकेटला कुठेच नाही. त्या थिएटरात चेटकीण आली आणि शेकडो मुलं एकदम मराठीत ओरडायला लागली, तिला चिडवायला लागली, अलबत्याला सावध करायला लागली. माझा मुलगा आधी गप्प माझ्याकडे बघत होता, मग खुर्चीवर उभा राहिला आणि गळा फाटेस्तोवर ओरडला. गुजराती मैत्रिणीचा मुलगा त्याला दर दोन मिनिटांनी ‘शुं कीधुं, शुं कीधुं’, म्हणजे काय म्हणाले, असं विचारत होता आणि हा त्याला सांगत होता. मध्यंतरानंतर त्याने विचारणंच बंद केलं, तोही मराठीतच ओरडत होता.

सीट घेताना पहिल्या दोन रांगा सोडा, लहानांना चेटकीण जवळून जड जाते. मधल्या रांगा बघा, आणि कडेच्या नको, विंगेत उभी माणसं दिसतात.